मुलांचे खेळ : संजयाच्या तोंडून फुटबॉल

फुटबॉल म्हटला कीं बावीस गडी, एक चेंडू आणि त्या चेंडूमागें धांवतांना उडणारी धूळ, असें चित्र डोळ्यांपुढें येतें. ज्या खेळांत मैदान धड दिसत नाहीं, बावीस गडी कधींच एकत्र दृष्टीस पडत नाहींत, आणि चेंडूला लाथ मारावयाची झाली तर आधीं थांबून चार पर्यायांतून एक निवडावा लागतो, त्याला फुटबॉल म्हणावें काय, असें कोणीहि विचारील. तथापि १९८८ सालच्या एप्रिल महिन्यांत जपानांत असाच एक खेळ विक्रीस आला. टेकमो नांवाच्या कंपनीनें तो काढला, त्याचें नांव 'कॅप्टन त्सुबासा', आणि घरच्या टीव्हीला जोडावयाच्या पहिल्या काळांतील यंत्रांवर जितके फुटबॉलचे खेळ निघाले त्या सर्वांत हाच अधिक विचारानें रचलेला होता, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आजच्या घरांत व्हिडिओ गेम हा शब्द निघाला कीं वडील मंडळींच्या कपाळाला आठी पडते. ती सर्वस्वी अन्यायाची आहे असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. दिवाणखान्यांत टीव्ही एकच. त्याच्यापुढें आजोबांची बातम्यांची वेळ, काकूंची मालिकेची वेळ, आणि मुलांचीं तीं कधींहि न संपणारीं 'फक्त पांच मिनिटें'. यांतून तंटे ज्या घरीं उद्भवत नाहींत तें घर एक तर फार सुखी असावें, नाहीं तर तेथें मुलेंच नसावींत. पण तंटा असतो वेळेचा, आणि निकाल मात्र आपण देतों खेळाच्या गुणदोषांचा, ही आमची तक्रार आहे. पुस्तक बरें कीं वाईट हें आपण वाचून ठरवितों, नाटक पाहून ठरवितों. या खेळांविषयीं मात्र दारावरून जातां जातां कानीं पडलेल्या टुंईटुंई आवाजावरून ठरवितों. एका तरी खेळाची नीट पारख करावी, आणि ती करतांना जुना, काळानें गाळून घेतलेला खेळ घ्यावा, म्हणून आम्हीं हा निवडला आहे.

प्रथम यंत्राविषयीं थोडें. क्योतो येथील निन्टेंडो कंपनीनें १५ जुलै १९८३ रोजीं 'फॅमिली कॉम्प्यूटर' नांवाचें यंत्र बाजारांत आणलें. किंमत १४,८०० येन. ही कंपनी मुळांत १८८९ सालीं निघाली ती फुलांचीं चित्रें असलेले हानाफुदा पत्ते करण्यासाठीं, हें ऐकून गंजिफा पाहिलेल्या आजोबांस थोडें बरें वाटेल. यंत्र टीव्हीला जोडावयाचें, आणि ज्यांत खेळ भरलेला आहे ती चपटी पेटी यंत्राच्या माथ्यावरील खांचेंत दाबून बसवावयाची. त्या पेटीचें खरें नांव कार्ट्रिज; परंतु १९९० नंतरच्या दशकांत या यंत्राच्या नकला आपल्या शहरांतून विकल्या जाऊं लागल्या तेव्हां आपल्या मुलांनीं तिला 'कॅसेट' म्हटलें, आणि तेंच नांव रूढ झालें.

या यंत्राची कामापुरती स्मृति अवघी दोन किलोबाइट. पडद्यावर हलत्या आकृति एका वेळीं चौसष्ट दाखवितां येत, आणि एका आडव्या रेषेवर फार तर आठ. प्रत्येक आकृति आठ ठिपके रुंद. आतां हिशेब करून पाहावा. गडी ओळखूं यावा म्हणून सोळा ठिपके रुंद काढला तर त्याला दोन आकृति लागल्या. म्हणजे एका रेषेवर चार गडी आले कीं यंत्राचें भांडवल संपलें. पांचवा आला तर कोणाला तरी अदृश्य व्हावें लागे, आणि तसें होऊं नये म्हणून आळीपाळीनें सर्वांस क्षणभर लपविण्याची युक्ति केली तर सगळेच लुकलुकूं लागत. फुटबॉलांत तर गडी पुनःपुन्हां एका रेषेवरच येतात. म्हणूनच निन्टेंडोनें १९८५ सालीं स्वतःचा 'सॉकर' काढला त्यांत एका बाजूस गोलरक्षक धरून सहाच गडी ठेवले. टेक्नोस जपान कंपनीचा १९९० मधील खेळ, जो पश्चिमेकडे 'निन्टेंडो वर्ल्ड कप' या नांवानें गेला, त्यांतहि संघ सहांचाच होता. कोट बेतावयास कापड अपुरें पडलें म्हणजे शिंपी बाह्या आंखूड करतो, तशांतली ही गोष्ट.

टेकमोच्या लोकांनीं कापडच दुसरें घेतलें. महाभारताचें युद्ध धृतराष्ट्रानें डोळ्यांनीं पाहिलें नाहीं, संजयाच्या तोंडून ऐकलें. आणि ऐकूनहि त्याचा थरकांप झालाच. आपला कीर्तनकार काय करतो? एकटा बुवा, हातांत चिपळ्या, खांद्यावर उपरणें. पण सीतास्वयंवराचें आख्यान रंगांत आलें कीं धनुष्य उचलणारा रावणहि तोच, हंसणारी सभाहि तीच, आणि श्रोत्यांस शिवधनुष्याचा कडकडाट ऐकूं येतो. तेथें कोणी असें म्हणत नाहीं कीं, बुवा, धनुष्य दिसलें नाहीं. 'कॅप्टन त्सुबासा'ची रचना याच जातीची आहे. पडद्याच्या मोठ्या भागांत दिसतो तो फक्त चेंडू घेऊन धांवणारा मुलगा, चित्रकथेंतल्यासारखा मोठा काढलेला. खालीं मैदानाचा इवलासा नकाशा, त्यावर ठिपके. आणि सामन्याचें वर्णन करणारे शब्द, एकेक अक्षर उमटत जाणारे. प्रतिपक्षाचा गडी अंगावर आला कीं सर्व कांहीं थांबतें आणि खेळणाऱ्यास विचारलें जातें : याला हुलकावणी देऊन जावयाचें, सोबत्याकडे चेंडू द्यावयाचा, देऊन लगेच परत घ्यावयाचा, कीं येथूनच गोलावर मारावयाचा? चेंडू प्रतिपक्षाकडे असेल तर प्रश्न निराळे : अंगावर जाऊन हिसकावयाचा, वाटेंत अडवावयाचा, कीं फटक्याच्या आड उभें राहावयाचें? गोलरक्षकास विचारतात, चेंडू धरतोस कीं ठोसा मारून परतवितोस?

निवड केली कीं मग चित्रांची मालिका सुरू होते. पाय मागें जातो, चेंडू वांकडा होऊन सुटतो, कोणी आडवा पडतो, त्याला चुकवून तो पुढें जातो, गोलरक्षकाची झेप, हाताचीं बोटें, आणि मग, किंचित् थांबून, फळ. हें थांबणें फार कसबाचें आहे. जपानी संघांतील मोरिसाकी नांवाचा दुय्यम गोलरक्षक तर असा दुबळा कीं जोराचा फटका आला कीं चेंडूसकट उडून जाळ्यांत जातो. त्या बिचाऱ्याची फजिती जपानांतील एका सबंध पिढीच्या थट्टेचा विषय होऊन बसली आहे.

ज्या कथेवर हा खेळ बेतला ती योइची ताकाहाशी या चित्रकथाकाराची. १९७८ सालची अर्जेंटिनांतील विश्वचषकस्पर्धा पाहून या तरुणाला फुटबॉलचें वेड लागलें, आणि १९८१ पासून 'शोनेन जंप' या साप्ताहिकांतून त्यानें ओझोरा त्सुबासा या मुलाची कथा चालविली. ती १९८८ पर्यंत चालली. त्सुबासा हा चेंडूला मित्र मानणारा मुलगा. त्याच्याभोंवतीं जीं मुलें जमविलीं आहेत त्यांत आमच्या मतें कथेचा खरा जीव आहे. कोजिरो ह्यूगा हा दांडगा प्रतिस्पर्धी. पण त्याचा बाप वारलेला, घरीं धाकटीं भावंडें, म्हणून लहान वयांत कामें करून तो आईला हातभार लावतो, आणि त्याच्या खेळांतला राग कोठून येतो हें वाचणाऱ्यास न सांगतां कळतें. जुन मिसुगी हा सर्वांत गुणी, पण हृदयविकारामुळें फार वेळ धांवूं न शकणारा. ताचिबाना हे जुळे भाऊ : एकानें उताणें पडून पाय वर करावयाचे, दुसऱ्यानें त्यांवर पाय ठेवून आकाशांत उसळावयाचें आणि चेंडूला डोकें लावावयाचें. शास्त्राला हें मंजूर नाहीं, फुटबॉलच्या पंचालाहि होणार नाहीं. पण पुराणांतल्या अस्त्रांना आपण तरी कोठें हरकत घेतली?

आतां ज्या गोष्टीसाठीं हा खेळ आम्हांस विशेष विचारणीय वाटतो तिच्याकडे वळूं. प्रत्येक गड्यापुढें एक आंकडा लिहिलेला असतो. जपानी त्याला 'गात्त्सु' म्हणतात. हा इंग्रजी शब्दच जपानी जिभेवर घोळलेला. आपण त्याला धमक म्हणूं. चेंडू घेऊन धांवलें, हुलकावणी दिली, आडवें पडलें, कीं प्रत्येक वेळीं धमक खर्च होते. आणि ज्या नांवाजलेल्या फटक्यांसाठीं मुलांचा जीव उतावीळ असतो ते तर फारच महाग. त्सुबासाचा गिरकी घेणारा 'ड्राइव्ह शूट' किंवा ह्यूगाचा 'टायगर शॉट' आरंभालाच उधळला, तर सामन्याच्या अखेरीस, गोलाची खरी गरज असतां, हेच वीर रित्या हातांनीं उभे असतात. पहिल्या पंधरवड्यांत मेजवान्या आणि शेवटच्या आठवड्यांत पिठलेंभात, हा ज्या संसारांतला अनुभव आहे त्या संसारांतील गृहिणीस या खेळाचें मर्म एका वाक्यांत समजेल. उलट धमक राखून ठेवून ठेवून सामनाच हरलेले कृपणहि पुष्कळ. कोणाचा खर्च केव्हां करावयाचा, बलवान गड्याला दमवावयाचें कीं सामान्य गड्यांच्या पायांतून चेंडू फिरवीत न्यावयाचा, हें ठरविण्यांत दहा वर्षांच्या मुलाचें डोकें जेवढें चालतें तेवढें तें त्याच्या वहीतल्या कित्येक गणितांतहि चालत नाहीं. शिवाय येथें बोटांच्या चपळाईला किंमत फार थोडी. विचार करीत बसलेल्यासाठीं खेळ थांबून राहतो. ज्यांचीं बोटें मंदावलीं त्यांनाहि आपल्या बुद्धीनें या खेळांत भाग घेतां येतो, असे खेळ त्या यंत्रावर मोजकेच होते.

सामना हरला तर? तो पुन्हां खेळावा लागतो. पण पहिल्या खेपेस जो अनुभव गड्यांच्या पदरीं पडला तो तसाच राहतो, आणि त्यानें ते थोडे बळकट झालेले असतात. ही योजना आम्हांस फार दयाळू वाटते. बहुतेक समकालीन खेळ हरणाऱ्यास आरंभापर्यंत ढकलून देत. येथें हरण्याचेंहि कांहीं मोल होतें.

जेथवर मजल गेली तेथून दुसऱ्या दिवशीं पुढें जावयाचें तर पडद्यावर दिसणारी संकेताक्षरें कागदावर उतरून घ्यावीं लागत, आणि दुसऱ्या दिवशीं तींच अक्षरें तक्त्यांतून एकेक वेंचून भरावीं लागत. एक अक्षर चुकलें कीं आठवड्याची मेहनत पाण्यांत. पोथ्यांच्या लेखनिकांस जो प्रमाद घडे तोच टोकियोच्या मुलांस घडत होता. पण येथें एक मौजेची गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. त्या वेळच्या यंत्रावर हजारों चिनी चित्राक्षरें मावत नसत, म्हणून अशा खेळांतला मजकूर बहुधा 'काना' या उच्चारानुसारी लिपींत असे. या कानांचा क्रम पाहा : आधीं अ, इ, उ, ए, ओ; मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचा वाटतो ना? संस्कृत मंत्रांचा उच्चार शुद्ध राहावा म्हणून जपानी बौद्ध भिक्षूंनीं सिद्धम् लिपीचें अध्ययन केलें, आणि त्यांतून हा क्रम तयार झाला. कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य अशी आपली जी वर्णमाला, तिचाच तो समुद्रापलीकडचा नातू. फुटबॉलचा डाव पुढें चालविण्यासाठीं जपानी पोर त्या तक्त्यावर बोट फिरवीत असे, तेव्हां आपण कोणत्या परंपरेंत बसलों आहों हें त्याच्या स्वप्नींहि नसेल.

खेळ जपानबाहेर गेला तेव्हां त्याच्या वांट्यास निरनिराळीं नशिबें आलीं. अमेरिकेंत १९९२ सालीं तो 'टेकमो कप सॉकर गेम' या नांवानें गेला, पण त्यांत त्सुबासा उरला नाहीं. नायकाचा तोंडवळा बदलला आणि नांव ठेवलें रॉबिन फील्ड. चौकट तीच राहिली, पण आंतला देव बदलला. हा व्यवहार आम्हांस मुळींच रुचत नाहीं. याच्या उलट अरबी मुलुखांत. तेथें या कथेचे चित्रपट टीव्हीवर अरबींतून दाखविले गेले, त्सुबासाचा 'कॅप्टन माजिद' झाला, आणि मुलांनीं त्याला आपल्या गल्लींतलाच मानलें. २००४ सालीं इराकमधील समावा शहरीं जपानी दल पाणीपुरवठ्याच्या कामास गेलें तेव्हां पाण्याच्या गाड्यांवर या माजिदचीं चित्रें चिकटविलीं होतीं. परक्या सैन्याच्या गाडीवर ओळखीचा चेहरा पाहून तेथील मुलांस काय वाटलें असेल, याची कल्पना आम्ही वाचकांवरच सोंपवितों. स्पेनचा फर्नांडो टोरेस, ज्याच्या गोलानें २००८ सालचा युरोपीय चषक स्पेनला मिळाला, त्यानें आपल्या फुटबॉलच्या आवडीचें मूळ लहानपणीं पाहिलेल्या याच चित्रमालिकेंत असल्याचें सांगितलें आहे.

आणि जपान? १९६८ सालीं मेक्सिकोच्या ऑलिंपिकांत जपाननें कांस्यपदक मिळविलें होतें हें खरें, पण त्यानंतरचीं वर्षें कोरडीं गेलीं. देश बेसबॉलचा. १९६५ पासूनची फुटबॉल लीग होती तीहि कंपन्यांच्या संघांची. खेळाडू दिवसा कचेरींत किंवा कारखान्यांत. विश्वचषकाच्या अंतिम फेरीस जपान एकदांहि पोंचला नव्हता, अशा काळांत चित्रकथेंतलीं आणि खेळांतलीं हीं शाळकरी मुलें युरोपांत जाऊन पश्चिम जर्मनीला हरवीत होतीं. पुढें १५ मे १९९३ रोजीं व्यावसायिक जे-लीगचा पहिला सामना टोकियोच्या राष्ट्रीय क्रीडांगणावर झाला, १९९८ सालीं जपान प्रथमच विश्वचषकांत खेळला, आणि २००२ सालीं दक्षिण कोरियासह त्यानें ती स्पर्धा स्वतःच्या घरीं भरविली. हें सारें एका चित्रकथेनें घडविलें असें म्हणणें पोरकटपणाचें होईल. लीग उभारणाऱ्यांचे श्रम आणि पैसा त्यामागें आहे. पण ज्या मुलांना मैदानांत उतरावेंसें वाटलें, तें वाटणें कोठून आलें, याचा शोध घेतांना या कागदी आणि कांचेवरच्या मुलांना वगळतां यावयाचें नाहीं. टोकियोच्या कात्सुशिका भागांत, जेथें ताकाहाशी वाढला, योत्सुगी स्थानकाच्या परिसरांत त्सुबासा आणि त्याच्या सोबत्यांचे ब्राँझचे पुतळे २०१३ सालापासून उभे आहेत.

दोष सांगावयाचे राहिले, आणि ते थोडे नाहींत. सामना लांबतो, तीच तीच चित्रें पुनःपुन्हां पाहावीं लागतात, आणि विसाव्या वेळेस तीच झेप पाहतांना संजयाचाहि कंटाळा येतो. पुष्कळशा निकालांत सारीपाटाच्या दानासारखा दैवाचा भाग आहे. योजना अचूक असूनहि चेंडू खांबाला लागून परततो, आणि मुलगा टीव्हीवर रागावतो. सर्वांत मोठा दोष आमच्या भगिनींच्या केव्हांच लक्षांत आला असेल. या सगळ्या गर्दींत मुली कोठें आहेत? सानाए नांवाची मुलगी आहे. ती बाहेर उभी राहून ओरडून ओरडून मुलांना धीर देते, आणि पुढें कथेंत त्सुबासाशीं तिचा विवाह होतो. तिच्या पायाला चेंडू लागत नाहीं. २०११ सालीं फ्रँकफर्ट येथें अमेरिकेस हरवून विश्वचषक जपानला मिळवून दिला तो स्त्रियांच्या संघानें. पुरुषांच्या संघास तो अजून मिळालेला नाहीं.

टेकमोनें १९९० सालीं याच यंत्रासाठीं दुसरा भाग काढला. कसबी लोक तो पहिल्याहून सरस मानतात, आणि आम्हीहि मानतों. पुढच्या यंत्रावर आणखी तीन भाग १९९२ ते १९९४ या वर्षांत निघाले. फॅमिली कॉम्प्यूटरचें उत्पादन २००३ सालीं थांबलें, परंतु हौशी लोकांनीं या जुन्या खेळांचीं इंग्रजी भाषांतरें करून ठेवलीं आहेत, त्यामुळें जपानी न येणाऱ्यासहि कथा समजते. ज्या घरांत मुलगा किंवा मुलगी हा खेळ घेऊन बसेल, तेथें वडील मंडळींनीं पाठीमागची खुर्ची जरूर ओढून घ्यावी. खेळणारा एकच लागतो. पण ह्यूगाला आतां चेंडू द्यावा कीं त्याची धमक शेवटच्या पांच मिनिटांसाठीं राखावी, या प्रश्नावर आजोबा, काकू आणि धाकटा पुतण्या यांचीं तीन मतें पडावयास कांहींच अडचण नाहीं, आणि तोंवर पडद्यावरचा चेंडू हवेंत थांबून वाट पाहत राहतो.